दुसरी हाक

आमच्या कार्यालयात दोन खिडक्या होत्या आणि दोन्हींच्या मध्ये एकच टेबल. डावी खिडकी जन्माची, उजवी मृत्यूची. टेबलाशी एक फिरती खुर्ची आणि त्या खुर्चीत मी. डावीकडून कुणीतरी पेढा पुढे करायचा. तो तोंडात टाकायच्या आत उजवीकडे कुणीतरी डोळे पुसत उभं असायचं. मग पेढा तसाच ड्रॉवरमध्ये सरकवून मी खुर्ची वळवायचे. माझ्या ड्रॉवरला सदान्‌कदा मुंग्या का लागतात, हे कार्यालयात शेवटपर्यंत कुणाला कळलं नाही.

नाशकातल्या कुठल्या विभागात हे चालायचं ते सांगणार नाही. निवृत्त झाले तरी लोकांच्या घरातली गोष्ट बाहेर नेताना पत्ता पुसून टाकायची सवय जात नाही. या लेखातली नावंही म्हणून बदलली आहेत.

काम तसं साधं. मूल जिथे जन्मलं तिथल्या कार्यालयात त्याची नोंद, माणूस जिथे गेला तिथल्या कार्यालयात त्याची नोंद. एकवीस दिवसांच्या आत कळवायचं. वर्ष उलटलं तर दंडाधिकाऱ्यांचा आदेश आणायचा. बस्स, एवढंच. पण नाशकात हे समजावताना घसा बसायचा. रामकुंडावर अस्थी सोडायला कुठून कुठून माणसं येतात, आणि विधी आटोपला की ओल्या धोतरानं थेट आमच्या उजव्या खिडकीवर. "सगळं इथंच केलं ना बाई, मग दाखला इथला का नाही?" मी म्हणायचे, "काका, अस्थी कुठे सोडल्या ते आम्ही विचारत नाही. श्वास कुठे सोडला ते विचारतो." एकदा ओझरच्या कारखान्यातले एक गृहस्थ मुलाची जन्मवेळ सात मिनिटं अलीकडे ओढून द्या म्हणून हटून बसले. पत्रिका जुळत नव्हती. आमच्या रजिस्टरात वेळेचा रकानाच नाही म्हटल्यावर त्यांचा सरकारवरचा विश्वासच उडाला.

हाका मारण्याचे माझे दोन नियम होते. एक म्हणजे उजव्या खिडकीवर दाखला देताना अर्जदाराचं नाव पुकारायचं, गेलेल्याचं नाही. नोकरीच्या पहिल्या महिन्यात मी दाखल्यावरचंच नाव मोठ्यानं वाचलं होतं आणि बाकावरची एक बाई जागीच कोसळली होती. तेव्हा माझ्या वरिष्ठ बाईंनी बाजूला घेऊन चांगली हजेरी घेतली. दुसरा नियम माझा मीच केलेला. हाक दोनदा मारायची. एक ऐकू जायला, दुसरी उठायला. हा दुसरा नियम मी पुढे मोडला. का मोडला, तेच सांगायला बसले आहे.

महिना संपला की तक्ता वर जायचा. किती जन्म, किती मृत्यू, कुठल्या वस्तीत, कोणत्या वयाचे. लोकांना वाटतं हे आकडे साहेबांच्या कपाटात कुजतात. काही कुजतातही. पण एकाच जागी वर्षानुवर्षं बसलं की आकड्यांतून शहर दिसायला लागतं. गोदाकाठची थंडी कडक पडली की म्हाताऱ्यांच्या नोंदींचा गठ्ठा जाड व्हायचा. एखाद्या कॉलनीतून जन्म यायचे थांबले आणि मृत्यूच येत राहिले, की समजायचं तिथली मुलं पुण्याला नाहीतर परदेशी गेली. करोनाच्या काळात माझी खुर्ची उजवीकडेच वळलेली राहिली. त्यावर पुष्कळांनी लिहिलंय, मी लिहीत नाही.

माझ्या टेबलामागच्या भिंतीवर विभागाचा एक नकाशा होता, मीच काढलेला. एक वर्षाच्या आतलं मूल गेलं की त्या वस्तीच्या चौकोनात लाल ठिपका द्यायचा. सगळ्या चौकोनांत थोडेफार ठिपके असायचे. एकच चौकोन चार वर्षं कोरा राहिला होता. खाणीची वस्ती.

शहराच्या कडेला एक जुनी दगडखाण. तिच्या काठावर पत्र्याच्या खोल्या. माणसं पेठ-सुरगाण्याकडून, थोडी घोटीकडून आलेली. द्राक्षाच्या हंगामात निफाडच्या बाजूला कामाला जायची, बाकी वर्षभर खडी फोडायची. बायका बाळंतपणाला आमच्या सूतिकागृहात यायच्या, त्यामुळे जन्माची नोंद आपोआप आमच्याकडे यायची. आणि अर्भकमृत्यूच्या रकान्यात दर महिन्याला माझ्या वळणदार अक्षरात एकच शब्द, 'निरंक'. सरकारी भाषेत शून्याला निरंक म्हणतात. साहेब पाहुण्यांना नकाशा दाखवून म्हणायचे, "बघा, गरिबातली गरीब वस्ती, आणि एक ठिपका नाही!" मीही मान डोलवायचे. अक्षराचं कौतुक झालं की मला बाकीचं कमी दिसायचं, हा माझा जुना दोष.

बारा वर्षांपूर्वी मुलांच्या वजन-उंचीची पाहणी झाली आणि कुपोषणाची यादी आली. यादीत सगळ्यात वर खाणीची वस्ती. तिथलं जवळजवळ प्रत्येक मूल वयाच्या मानानं फारच लहान आणि हलकं निघालं होतं. साहेब चिडले. "वयं चुकीची लिहिली असतील. साळवे मॅडम, तुमचं जन्माचं रजिस्टर घेऊन जा आणि प्रत्येक पोराचं वय ताडून या."

माझ्या डोक्यात मात्र वेगळंच चाललं होतं. मुलं इतकी उपाशी आणि एकही दगावत नाही, हे कसं?

वस्तीच्या अंगणवाडीवर तीनच महिन्यांपूर्वी शैलाताई नावाच्या सेविका आल्या होत्या. त्यांना बरोबर घेऊन मी भर दुपारी वस्तीत गेले. खाणीतलं काम जेवणापुरतं थांबलं होतं. इतका वेळ ऐकू येणारे घणाचे आवाज बंद पडले होते आणि एवढ्या माणसांच्या वस्तीत कुणी मोठ्यानं बोलत नव्हतं. लिंबाखाली मुलं रांगेत बसवली. बाया मागे उभ्या राहिल्या. सगळ्यांच्या पुढे एक म्हातारी बसली, ठकूआजी. वस्तीतली सगळ्यात वडीलधारी बाई. तिचा शब्द मोडून तिथे काही होत नसे, असं शैलाताईंनी वाटेतच सांगितलं होतं.

मी रजिस्टर उघडून नावं वाचू लागले. नाव घेतलं की एक मूल उठून पुढे यायचं. शैलाताई उंची मोजायच्या, मी तारीख पाहायचे. सगळी नावं बरोबर होती. आईची, बापाची, सगळी. पण सहा वर्षांचं म्हणून जे मूल उभं राहायचं ते दिसायला चार वर्षांचं. पाचाचं तिनाचं दिसायचं. आणि उपाशी म्हणावीत तर तशीही नव्हती. गालांवर मांस होतं, पोटऱ्या भरलेल्या होत्या. नुसती लहान होती.

"मॅडम, दात बघा," शैलाताई माझ्या कानाशी म्हणाल्या. "सहा वर्षांच्या पोरांचे पुढचे दात हलायला लागतात. इथे एकाचाही पडलेला नाही."

सोनी नावाची मुलगी समोर उभी होती. रजिस्टरप्रमाणे सहा पूर्ण. मी तिला हस म्हटलं. ती हसली. बारीक, पांढरे, एका ओळीत सगळे दुधाचे दात. मी रजिस्टरातली तिची तारीख बोट ठेवून पुन्हा वाचली.

पुढचं नाव सोनीच्याच भावाचं होतं. "रोहन," मी हाक मारली. कुणी उठलं नाही. सवयीप्रमाणे मी दुसऱ्यांदा तोंड उघडलं, तेवढ्यात ठकूआजी पुढे झाली आणि तिनं रजिस्टरावर आपला हात सपाट ठेवला.

"दुसऱ्यांदा हाक नका मारू, बाई."

"का हो आजी?"

"पैल्या हाकंला आमचं पोर येतं. दुसरीला कोन येईल, ते सांगता येत नाय."

मला हसू यायला हवं होतं, पण मागच्या बायांपैकी एकही हसत नव्हती. सोनीची आई कमळ पुढे आली. सात महिन्यांची गरोदर होती. चेहरा शांत.

"रोहन गावाला गेलाय का?" मी विचारलं.

"नाय. तो अजून यायचाय," ती म्हणाली आणि तिनं पोटावर हात ठेवला.

मी पुन्हा रजिस्टर पाहिलं. रोहन. दीड वर्षापूर्वी आमच्याच सूतिकागृहात जन्मलेला. नोंद माझ्या हातची. कमळ घरात गेली आणि पत्र्याचा एक डबा घेऊन आली. त्यात प्लॅस्टिकमध्ये घट्ट बसवलेला रोहनचा जन्मदाखला होता. "त्याचा कागद तयार हाय," ती म्हणाली. "त्यो आला की लागंल ना."

ठकूआजीनं तो डबा बंद करायला लावला. मग "चला" म्हणून उठली. खाणीच्या मागच्या अंगाला, बाभळींच्या आड, ती मला घेऊन गेली. तिथे जमिनीवर दगड मांडलेले होते. खाणीतलेच, पण पाट्यासारखे सपाट निवडून आणलेले. प्रत्येक दगड हातभर अंतरावर. एकावरही काही लिहिलेलं नव्हतं. ठकूआजी एकेका दगडाला पायाच्या अंगठ्यानं दाखवत नावं घेऊ लागली, आणि ती तीच नावं होती, जी मी अर्ध्या तासापूर्वी वाचली होती. त्याच नावांची पोरं लिंबाखाली खिदळत होती, त्यांचा आवाज इथवर येत होता.

"ही सोनी," ती म्हणाली.

"सोनी तर आत्ता माझ्यासमोर..."

"ती मागून आलेली. ही पैली." तिनं पुढच्या दगडाकडे बोट केलं. "ह्यो रोहन. ह्याच्या मागून अजून कुनी नाय आलं."

मग तिनं सांगितलं ते असं. वस्तीतलं मूल गेलं की इथे पुरायचं. तान्ह्या मुलाला जाळत नाहीत, त्यामुळे अमरधाम स्मशानाची पावती नाही, आणि पावती नाही म्हणून आमच्याकडे खबर नाही. त्यानंतर घरात जे मूल होईल, मुलीमागे मुलगी, मुलामागे मुलगा, त्याला गेलेल्याचंच नाव द्यायचं आणि तोच दाखला. दुसरं मूल सूतिकागृहात जन्मलं तर? आठव्या महिन्यातच बाईला गावी पाठवायचं, म्हणजे नवा कागद बनतच नाही. ही रीत त्यांच्या गावांकडची नव्हती. या खाणीवर आल्यावर ठकूआजीनंच पाडलेली.

"मोकळं नाव फिरत ऱ्हातं, बाई. मागच्याला हाका मारतं. मागून आलेल्याला ते नाव दिलं का पैलं गप निजतं."

मी विचारलं, "आजी, ही सगळी कशानं गेली?"

तिनं पहिल्या दगडाकडे पाहिलं. "हगवन." दुसऱ्याकडे. "हगवन." पुढच्याकडे. "ह्येला बी तेच." मी थांबवलं नसतं तर ती शेवटच्या दगडापर्यंत तेच म्हणत गेली असती. बाभळींच्या पलीकडे खाणीचा खड्डा पाण्यानं भरलेला दिसत होता. हिरवं, न हलणारं पाणी. एक बाई काठावरचं शेवाळ हातानं सारून हंडा बुडवत होती.

तिथे उभी असताना मला एक फाईल आठवली. आदल्या वर्षी या वस्तीला नळ आणि आरोग्य उपकेंद्र देण्याचा प्रस्ताव आला होता. गरज आहे का, म्हणून माझ्याकडून माहिती मागवली होती. मी सुवाच्य अक्षरात लिहून दिलं होतं, 'सदर वस्तीत अर्भकमृत्यू निरंक.' नळ दुसऱ्या वस्तीला गेला. मला शरम वाटली. इतकी शरम मला त्याआधी कधी वाटली नव्हती आणि नंतरही नाही.

परत लिंबाखाली आल्यावर मी कमळला बाजूला बसवलं आणि हे सगळं जसं आहे तसं सांगितलं. ती ऐकत होती.

"म्हंजे आमी पोरं लपवली म्हून पानी नाय?"

"लपवली तुम्ही. एकही गेलं नाही असं लिहिलं मी," मी म्हणाले. "आता पोटातल्याला हेच पाणी पाजणार का? गेलेल्यांची नावं मृत्यूच्या रजिस्टरात लिहू द्या. तेवढं झालं की वरच्यांना नाही म्हणता येणार नाही."

"सोनीचं नाव मेलेल्यांत लिवलं, तर माझी ही सोनी कोन?"

तिचा प्रश्न बरोबर होता. कागदावर तिची जिवंत मुलगी कुठेच नव्हती. सोनी गेली असं लिहिलं की ही चार वर्षांची पोर एका दिवसात बिनकागदाची होणार होती. मी म्हटलं, ही सोनी तू गावी निघायच्या आधीच वस्तीत जन्मली, म्हणजे तिची नवी नोंद मी करून देईन, आदेशासाठी लागेल तितके हेलपाटे मी घालीन, पण तिला नवं नाव लागेल.

ठकूआजी लांबून ऐकत होती. "आनि मग जुनी नावं कुठं जातील?"

"रजिस्टरात राहतील, आजी."

"तितं कोन निजवील त्यास्नी?"

मी रजिस्टर बगलेत मारलं आणि निघाले. त्या दिवसापासून मी दुसरी हाक मारणं सोडलं. भुताखेतांवर माझा विश्वास नाही, आमच्या घरात कुणाचाच नव्हता. तरी सोडलं.

आठवड्याभरानं कमळ एकटीच कार्यालयात आली. वस्तीपासून चालत. डाव्या खिडकीवर उभी राहिली, कारण तिला तीच माहीत होती. मी तिला उजवीकडे बोलावलं. तिनं डबा टेबलावर ठेवला आणि रोहनचा दाखला काढला.

"ह्येचं लिवा. सोनीचं आज नको."

मी अर्ज भरला. तिनं अंगठा उठवला. मग ती अंगठ्यावरची शाई पाहत बसली. पुसायला कापड दिलं तर घेतलं नाही.

तिच्यामागून बाकीच्या आल्या. रोज एखाददुसरी, दुपारच्या सुट्टीत, केसांत दगडाची भुकटी घेऊन. बाकावर बसायच्या, एकमेकींशी बोलायच्या नाहीत. मी पंचनामे केले, साक्षीदार गोळा केले, दंडाधिकाऱ्यांच्या कचेरीत इतक्या वेळा गेले की तिथल्या शिपायानं मला तिथलीच कर्मचारी समजून एकदा फाईल पोहोचवायला दिली. आदेश येत गेले तसे मी नकाशावर ठिपके देत गेले. चार वर्षं कोरा असलेला चौकोन बघता बघता लाल झाला. शेवटी ठिपक्यांना जागा पुरेना, तेव्हा मी ते बारीक काढू लागले.

साहेब नकाशासमोर येऊन उभे राहिले. "अहो, हे काय? साथ आली का?"

"नाही साहेब. सगळे जुनेच आहेत. आता कळवलेत."

"आकड्यांचा सगळा कल बिघडवलात तुम्ही! वर काय सांगू मी?"

"निरंक चुकून लिहिलं होतं म्हणून सांगा. खाली माझं नाव घाला."

घातलं त्यांनी. मला ठपक्याचं पत्र मिळालं, ते अजून माझ्याकडे आहे. पण पाण्याचा नमुना तपासायला गेला, टँकर सुरू झाला आणि मग नळ आला. इथे झटकन लिहिलं तरी तो झटकन आला असं नाही. पहिला अर्ज आणि पहिली धार यांच्यामध्ये वस्तीतली आणखी दोन बाळं गेली. त्यातल्या एकाची आई नवव्या दिवशी खिडकीवर आली. खाणीच्या वस्तीतून वेळेत कळवलेला तो पहिला मृत्यू. तिचं म्हणणं एवढंच होतं, "बाई, मी लगेच आले. आता तरी पानी येईल ना?" त्या दिवशी मी जेवले नाही. अजूनही तिचं तोंड आठवलं की आधीची चार वर्षं आठवतात.

कमळला मुलगा झाला. ती यावेळी गावी गेली नाही, सूतिकागृहातच राहिली. शैलाताईंनी पाणी उकळून पाजायचं असं बजावून बजावून तिचं डोकं खाल्लं. मूल जगलं. त्याचं नाव रोहन ठेवलं नाही. ठकूआजी त्या बारशाला गेली नाही.

सोनीचं काम सगळ्यात शेवटी झालं. आदल्या संध्याकाळी कमळनं पहिल्या सोनीचा जन्मदाखला तिच्या दगडाखाली ठेवून दिला होता. दुसऱ्या दिवशी ती मुलीला घेऊन आली. मी मृत्यूच्या रजिस्टरात लिहिताना पोर टेबलाच्या कडेला हनुवटी टेकवून पाहत होती. नोंद पडताळायची म्हणून मी नाव मोठ्यानं वाचलं. ती म्हणाली, "माजं काय लिवता?"

"तुजं नाय," कमळ म्हणाली. "तुज्या ताईचं."

"ताई कवा येनार?"

मी खुर्ची डावीकडे वळवली आणि जन्माच्या रजिस्टरात आदेशाप्रमाणे तिचं नवं नाव लिहिलं, अर्चना. ते तिला दोनदा म्हणून दाखवायला लावलं. दोन्ही वेळा ती नाव उच्चारून माझ्या चेहऱ्याकडे पाहत राहिली.

माझ्या नोकरीचा शेवटचा आठवडा. खुर्ची पगारे म्हणून दुसऱ्या विभागातून बदलून आलेल्या गृहस्थांकडे सोपवली होती. पन्नाशीचे, कामसू, कानानं थोडे जड. मी मागे बसून त्यांचं काम पाहत होते आणि मनातल्या मनात चुका काढत होते. अकराच्या सुमाराला कमळ आली. केस पांढरे झाले होते. सोबत सोळा वर्षांची मुलगी, कॉलेजच्या दप्तरासह. अर्चना. तिनं उजव्या खिडकीवर अर्ज दिला. पहिल्या सोनीच्या मृत्यूदाखल्याची प्रत हवी होती.

मी उठून खिडकीशी गेले. "कशाला गं? कुठे अडलंय का काही?"

"नाही मॅडम, अडलं कुठेच नाही," ती म्हणाली. तिचं बोलणं आता शहरातलं झालं होतं. "घरात तिचं काहीच नाहीये. फोटो नाही, कपडा नाही. मी चार वर्षं तिचं नाव वापरलं. एक कागद तरी असू दे तिचा."

मी मान हलवली आणि बसून घ्या म्हटलं. दोघी बाकावर बसल्या. त्या दिवशी गर्दी कमी होती. दाखला छापून आला. पगाऱ्यांनी शिक्का मारला, सही केली. मी त्यांना नियम सांगितला होता, अगदी पहिल्या दिवशी सांगितला होता. पण त्यांच्या डोळ्यांसमोर दाखला होता आणि त्यांनी त्यावरचंच नाव पुकारलं.

"सोनी!"

"आले," अर्चना म्हणाली आणि उठली. विचार न करता, शाळेत हजेरी द्यावी तशी. बारा वर्षांत त्या नावानं तिला कुणी हाक मारली नव्हती. उठल्यावर तिला कळलं आणि ती तशीच उभी राहिली.

पगाऱ्यांना ऐकू गेलं नव्हतं. मी हात वर केला, पण ते मान खाली घालून कागद पाहत होते. त्यांनी पुन्हा पुकारलं, मोठ्यानं.

"सोनी!"

बाकावरची दोन-तीन माणसं इकडे तिकडे पाहू लागली. कमळनं दाराकडे पाहिलं. मीही पाहिलं, खोटं कशाला सांगू. दार उघडंच होतं. व्हरांड्यात ऊन पडलं होतं. कुणी नव्हतं.

कमळ दाराकडे पाहत राहिली. मग तिनं मांडीवरची पिशवी उचलून पायाशी ठेवली आणि बाकावर थोडं सरकून शेजारी जागा केली.